घरात पाचव्या आठवड्यात, रजिस्टरला अठ्ठाविसाव्या: एका ऊसतोड बाईच्या उशिरा नोंदणीचं प्रकरण

आमच्या उपकेंद्राच्या गरोदर मातांच्या रजिस्टरमध्ये मार्च २०२५ ची एक ओळ आहे. वय २०, खेप दुसरी, नोंदणीच्या वेळी २७ आठवडे ५ दिवस, हिमोग्लोबिन ७.६, आणि शेवटच्या रकान्यात शेरा "उशिरा नोंदणी, कारण स्थलांतर". शेरा मीच लिहिलाय. बीड जिल्ह्यात असे शेरे दरवर्षी ढिगानं पडतात आणि मीटिंगमध्ये कुणी त्यावर थांबत नाही, कारण स्थलांतर म्हटलं की विषयच मिटतो, बाई गावात नव्हती मग नोंद कशी होणार. पण ह्या केसमध्ये मी नंतर बसून तारखा मांडल्या तेव्हा लक्षात आलं की बारा आठवडे भरायला जेमतेम तीन दिवस राहिले होते तोपर्यंत बाई गावातच होती. आमच्या उपकेंद्रापासून चालत पंधरा मिनिटांवर. मग स्थलांतर हे कारण कसं?

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, सीएचओ. बाईची ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही आणि एकदोन नातीही बदललीत. तिच्याशी, तिच्या सासूशी, आशाताईंशी आणि मुकादमाशी, म्हणजे ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराशी, वेगवेगळं बोलून हे लिहिलंय.

जे ह्या कामात नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. गरोदरपणाची पहिली तपासणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी असं आपला आरोग्य विभाग सांगतो, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, सिफिलीस, कावीळ, साखर, बीपी, वजन हे लवकर कळलं तर काही करता येतं, फोलिक ॲसिडच्या गोळ्यांचा उपयोग तर मुळात पहिल्या तिमाहीतच. देशपातळीवरच्या पाहणीत, म्हणजे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या आया ७० टक्के निघाल्या. म्हणजे दहातल्या तीन राहतात. त्या तिघींबद्दल बोलताना आपण सगळे एकच शब्द वापरतो, अज्ञान. मला वाटतं ह्या केसमध्ये अज्ञान कुणाचंच नव्हतं, असलंच तर आमचं.

शेवटची पाळी कधी आली हा पहिला प्रश्न असतो. तारीख सहसा कुणाला आठवत नाही, सण आठवतो. ही म्हणाली, "पोळ्याच्या दिशी मी बाजूलाच बसले होते म्याडम, तिसरा दिवस होता." घरात बैल नाहीत, मातीचे बैल पुजतात, पण पुरणपोळी होतेच आणि ती त्या दिवशी सासूला एकटीला करावी लागली होती, त्यामुळं सासूलाही पक्कं लक्षात होतं. २०२४ चा पोळा २ सप्टेंबरला होता. म्हणजे पाळी ३१ ऑगस्टची, बाळंतपणाची तारीख ७ जून. कितीही शिकलेली बाई इतकी नेमकी तारीख सांगत नाही.

आता पुढचं. पुढची पाळी यायला हवी होती २८ सप्टेंबरच्या आसपास. घटस्थापना होती ३ ऑक्टोबरला. सासू म्हणाली, "घटाच्या दिवसात अडचण नको म्हणून मी आधीच इचारून ठेवते, बाई कव्हा बसणारेस. ती म्हणली यंदा काय आलंच नाय. मी म्हणलं बरं." एवढंच. मग घट बसला, सुनेनं रोज माळ घातली, फुलं आणली, आणि घरातल्या बायकांना, शेजारच्या जावेला, सगळ्यांना न बोलता कळलं. मी आठवडे मोजले, चार आठवडे पाच दिवस. पाळी चुकून आठवडाही झाला नव्हता आणि घराला माहीत होतं. आमच्याकडं आशाताईंच्या बॅगेत निश्चय किट असतं, लघवीचे दोन थेंब टाकले की कळतं, पण ह्या घरात किटची गरजच नव्हती. जिथं बाईची पाळी देवघरापासून चुलीपर्यंत सगळ्यांना पाळावी लागते तिथं पाळी चुकली हे लपत नाही. हे पाळणं मला पटत नाही, पण लवकर निदान व्हायला ह्याच्याइतकी चोख व्यवस्था आपल्या खात्याकडं नाही हेही खरं.

तर पाचव्या आठवड्यात कळलं. मग आम्हाला का सांगितलं नाही?

उत्तर उचलीत आहे, म्हणजे तोडीच्या आधीच हातात घेतलेल्या आगाऊ पैशांत. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ह्यांनी श्रावण लागायच्या आधीच मुकादमाकडून एक लाखाची उचल घेतली होती, त्यातले बरेचसे नणंदेच्या लग्नाचं देणं फेडण्यात गेले आणि उरलेले दुकानदाराला. पैसे घरी आले तेव्हा पोटात काहीच नव्हतं, त्यामुळं कुणी फसवलं असंही नाही. उचल फेडायची कशी तर ऊस तोडून, जानेवारी २०२४ च्या करारानंतर टनाला ३६६ रुपये. लाखाला भागून बघा, २७३ टन येतात. चांगली जोडी दिवसाला दोन टन तोडते, म्हणजे १३७ दिवस झाले, एकही खाडा न करता. सीझन तितके दिवस चालेलच असं नाही, आणि २०२४-२५ चा सीझन तर बऱ्याच कारखान्यांचा मार्चच्या सुरुवातीलाच आटोपला. त्यात बाई गरोदर आहे हे मुकादमाला कळलं की तो कोयता त्याच्या हिशोबात पूर्ण राहत नाही, अर्धा होतो. अर्धा कोयता म्हणजे अर्धी उचल. आणि घेतलेली उचल अर्धी परत द्यायची तर आणायची कुठून, किंवा मग नवऱ्यानं दुसरा जोडीदार आणायचा, भाऊ, चुलतभाऊ, कुणीही, आणि त्याला वाटा द्यायचा.

मुकादमालाही मी भेटले. तो काही सिनेमातला व्हिलन नाही. कारखान्याकडून तो लाखो रुपये घेतो, त्याच्या नावावर करार असतो, टोळीतल्या दोनचार जोड्या पळाल्या किंवा कमी पडल्या तर त्याचं शेत नाहीतर ट्रॅक्टर जातो. तो मला सरळ म्हणाला, "म्याडम, मी पोटुशा बाईला नाय म्हणत नाय. पण दोन टनाचे पैसे देऊन एक टन ऊस मी कसा घेऊ?" ह्यावर त्या वेळी माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही त्याच्या हिशोबात चूक काढता येत नाही, हिशोबच मुळात चुकीच्या जागी मांडलाय.

आता आशाताई. त्या चांगलं काम करतात, घरोघरी जातात, ह्या घरी ऑक्टोबरमध्ये गेल्याही होत्या आणि उंबऱ्यात बसून चहा पिताना त्यांनी विचारलं होतं, काय गं, काही आहे का? ही म्हणाली काही नाही. कारण आशाताई मुकादमाच्या चुलतभावाची बायको. गावात आठवी-दहावी शिकलेली, बोलायला धीट, घराबाहेर पडू दिली जाणारी सून कुठल्या घरात असते? जिथं थोडीफार बरी परिस्थिती असते तिथं. आणि ऊसतोडीच्या गावात बरी परिस्थिती मुकादमाच्या भावकीत असते. म्हणजे निवड नियमानं झाली, काम नियमानं झालं, तरीही ज्या बाईला पोट लपवायचंय तिच्या दृष्टीनं आशाताईंना सांगणं आणि मुकादमाच्या ओसरीवर जाऊन सांगणं ह्यात काही फरक नव्हता. आशाताईंनी कधी कुणाचं कुठं सांगितलंय असं मला वाटत नाही. पण विश्वास असा पुरावा बघून बसत नाही ना. तिला जोखीम घ्यायची नव्हती, लाखाची जोखीम होती.

आशाताईंच्या बाजूनंही एक आहे, ते कुणी बोलत नाही. जननी सुरक्षा योजनेत बसणारी बाई असेल तर तिच्या तपासण्या पूर्ण करून घेतल्याचे आशाला ३०० रुपये आणि दवाखान्यात बाळंतपण झाल्याचे ३०० मिळतात. जी बाई दिवाळीनंतर जाणारच आहे, जिच्या तपासण्या मध्येच तुटणार आहेत, तिच्यामागं किती फिरायचं? ताई असं म्हणाल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "तोडीच्या बायकांचं काय, येतील तव्हा बघू." ह्या वाक्यात कंटाळा आहे पण अनुभवही आहे.

अजून एक थर आहे आणि तो मला तिसऱ्या भेटीत कळला, सासू पाणी भरायला गेल्यावर. पहिल्या खेपेला हिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि आधार कार्डाप्रमाणं वय सतरा वर्षं आठ महिने. अठराच्या आतली गरोदर मुलगी दवाखान्यात आली की पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे, आणि हे आमच्या भागात प्रत्येक सासूला माहीत आहे, कायद्याचं नाव माहीत नसेल पण "केस होते" एवढं पक्कं. बीड जिल्ह्यात २०-२४ वयाच्या बायकांपैकी सुमारे ४४ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं त्याच सर्वेक्षणात आलं होतं, राज्याचा आकडा त्याच्या निम्म्यावर आहे. म्हणजे ही काही एका घराची गोष्ट नाही. तर त्या वेळी घरच्यांनी काय केलं, अठरा भरेपर्यंत तिला कुठंच नेलं नाही. चार महिने. ताप आला तेव्हा मेडिकलमधून गोळ्या. वाढदिवस झाला, मग नोंदणी, तेव्हा सहावा महिना चालू. आणि सगळं नीट पार पडलं, मुलगी झाली, पावणेतीन किलोची, पंतप्रधान मातृवंदना योजनेचे पाच हजारही मिळाले.

इथंच मेख आहे. पहिल्या वेळेला उशीर केला आणि काहीही बिघडलं नाही. उलट उशीर केला म्हणून केस टळली. आम्ही भिंतीवर काय वाटेल ते लिहू, पण बाई शिकते ती तिच्या स्वतःच्या बाळंतपणातून. तिनं शिकलेला धडा असा होता की दवाखान्यात जायची एक योग्य वेळ असते आणि ती वेळ म्हणजे जेव्हा कुणी काही विचारू शकणार नाही तेव्हा. दुसऱ्या खेपेला वयाचा प्रश्न उरला नव्हता पण सवय तीच राहिली, फक्त लपवायचं ते मुकादमापासून.

"तीन महिने भरल्याशिवाय कुणाला सांगू नये, दृष्ट लागते" हे सासूनं मला सुरुवातीलाच सांगितलं होतं, आणि मीही ते डायरीत लिहून घेतलं होतं, कारण पहिलं. आता बघते तर ते कारण नव्हतंच, ती सांगायची पद्धत होती. दृष्ट म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. उचल म्हटलं की चार प्रश्न येतात. बाहेरून आलेल्या माणसाला घर नेहमी असंच उत्तर देतं, जे देऊन कुणी अडचणीत येत नाही, आणि आम्ही तेच घेऊन "अंधश्रद्धा" असा कोड टाकून पुढं जातो.

टोळ्या दरवर्षी दिवाळी झाली की निघतात. २०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. बऱ्याच टोळ्या आधीच गेल्या, ह्यांची मात्र मतदान करून संध्याकाळी निघाली. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात संसार, पत्रे, बांबू, शेळी, पोरं. त्या दिवशी हिला अकरा आठवडे चार दिवस झाले होते. मतदान केंद्र होतं जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि उपकेंद्र शाळेच्या भिंतीला भिंत लावून आहे. ती बोटाला शाई लावून आमच्या दारावरून गेली. मी त्या दिवशी निवडणुकीच्या वैद्यकीय ड्यूटीवर तिथंच होते.

तळ पडला कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्याच्या पट्ट्यात. तिथला दिवस असा: पहाटे चारला उठायचं, अंधारात भाकरी, पाचला फडात. नवरा तोडतो, ही साळते म्हणजे उसाचा पाला काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढवते. ट्रॉली कधी दुपारी येते कधी रात्री अकराला, येईल तेव्हा भरायची. मधल्या वेळात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकायचे, पोरीला बघायचं, पाणी आणायचं. आणि खाडा केला तर पाचशे रुपये कटतात, वर त्या दिवसाची तोड बुडते. एकीनं जरी सुट्टी घेतली तरी कोयता बंद, कारण कोयता दोघांचा. म्हणजे तपासणीला एक दिवस गेला तर त्याची किंमत सातशे तीस अधिक पाचशे, बाराशेच्या वर, रिक्षाभाडं वेगळं. दवाखाना फुकट आहे हे आपण सांगतो ते बरोबरच आहे, पण फुकट हा शब्द दवाखान्याच्या दारापासून पुढं लागू होतो.

तरीही तिनं तिथं सांगितलं. हे मला महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा थांबते. डिसेंबरमध्ये तिथल्या आशाताई लहान मुलांच्या लसीसाठी कोप्यांवर, म्हणजे तळावरच्या झोपड्यांवर, आल्या, त्यांनी विचारलं कुणी गरोदर आहे का, आणि जी बाई आपल्या गावातल्या आशाला नाही म्हणाली होती तिनं हात वर केला. का? मी विचारलं. ती म्हणाली, "तिथं कोण वळखतं मला. आन् आता आलो होतो ना, आता मुकादम काय परत धाडणार होता का." उचल फिटायला सुरुवात झाली होती, कोयता चालू होता, आता कळलं तरी फारसं बिघडणार नव्हतं. म्हणजे लपवायची गरज संपल्यावर ती पहिल्याच संधीला पुढं आली. पंधरावा आठवडा असेल तेव्हा. फार उशीर नव्हता झालेला.

त्या आशाताईंनी वहीत नाव लिहिलं आणि मंगळवारी उपकेंद्रात यायला सांगितलं, आधार कार्ड आणि मोबाईल नंबर घेऊन. आधार गावी पेटीत. मोबाईल नवऱ्याचा, तो फडात. मंगळवारी ट्रॉली सकाळीच आली. पुढच्या मंगळवारी तळच हलला, दहा किलोमीटर पलीकडं, दुसरं गाव, दुसरं उपकेंद्र, दुसऱ्या आशाताई, आणि पहिल्या वहीतलं नाव पहिल्या वहीत राहिलं.

शेवटी तपासणी झाली ती १० फेब्रुवारीला, कारण कारखान्यात काहीतरी बिघाड झाला आणि तोड दोन दिवस बंद पडली. सगळे बाजारला गेले, ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. तेवीस आठवडे दोन दिवस. धनुर्वाताचं इंजेक्शन, हिमोग्लोबिन ७.९, वजन ४१ किलो, लोहाच्या तीस गोळ्या. कार्ड मिळालं नाही, नेट बंद होतं, ओपीडीच्या केसपेपरवर सगळं लिहून दिलं आणि सांगितलं की मूळ गावी नोंद करून घ्या. तो केसपेपर तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, घडी करून, पोरीच्या लसीच्या कार्डात ठेवून परत आणला. कुठल्या केंद्रात झालं ते सांगण्यात अर्थ नाही, आमच्याकडंही पाहुण्या बाईला हेच सांगतात.

गोळ्या तिनं किती खाल्ल्या? आठदहा. मी रागवायच्या आधीच ती म्हणाली, गोळीनं घट्ट होतं. आता फडावर ह्याचा अर्थ काय ते समजून घ्या. तळावर संडास नाही, बायका पहाटे तीनसाडेतीनला अंधारात उसात जातात, सगळ्या मिळून, आणि तेवढाच वेळ असतो. ज्या बाईला तेवढ्या वेळात होत नाही तिला दिवसभर जाता येत नाही. मग ती गोळी बंद करेल नाहीतर काय करेल. "जेवणानंतर घ्या, चहासोबत घेऊ नका, लिंबूपाणी घ्या" हा सल्ला मी शेकडो वेळा दिलाय, त्यात संडास कुठं आहे हा प्रश्न कधी आला नव्हता.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे सीझन संपला, १२ मार्चला टोळी परतली, दुसऱ्या दिवशी सासूच तिला घेऊन माझ्याकडं आली. स्वतःहून. तिच्या शेजारी बसलेली सासू मला म्हणाली, "आता बघा हिला नीट, लई वाळलीय." ह्याच सासूनं फडावर शेवटचे दोन महिने मोळ्या चढवायच्या बंद करून हिला नुसतं साळायला बसवलं होतं, हे नंतर नवऱ्यानं सांगितलं. आपल्या ट्रेनिंगच्या गोष्टींत सासू म्हणजे अडथळा असते, इथं ती सगळ्यात आधी कळलेली, सगळ्यात जास्त काळ गप्प बसलेली आणि जमेल तेवढं सांभाळणारी बाई होती, तिन्ही एकदम.

ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफी झाली. १८ ते २० आठवड्यांची व्यंग बघायची सोनोग्राफी असते ती वेळ उसात गेली होती. आता मशीननं बाळ २५ आठवड्यांच्या हिशोबाचं दाखवलं. पेपरवर बाळंतपणाची तारीख बदलून जूनच्या शेवटची आली. मी डॉक्टरांना म्हटलं, पोळा धरा. कारण तिसऱ्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत दोनतीन आठवडे इकडंतिकडं होतात, आणि तारीख पुढं ढकलली तर बाळ वयाला बरोबर दिसतं, वाढ कमी आहे हे झाकलं जातं. डॉक्टरांनी ऐकलं. वाढ कमी, आईचं रक्त कमी, म्हणून जोखमीची माता असा शिक्का, शिरेतून आयर्न सुक्रोज, एक दिवसाआड ग्रामीण रुग्णालय, नेण्याआणण्याला १०२ ची रुग्णवाहिका मिळाली तेव्हा मिळाली, नाही मिळाली तेव्हा वडाप. एप्रिलअखेर हिमोग्लोबिन ९.८. २८ मे ला नॉर्मल डिलिव्हरी, मुलगा, दोन किलो तीनशे. अडीचच्या आत म्हणून कमी वजनाचा, पण रडला, दूध ओढलं, तिसऱ्या दिवशी घरी. दुसरी मुलगी झाली असती तर मातृवंदनेचे सहा हजार होते, मुलगा झाला म्हणून नाहीत.

केस म्हणून ही चांगली संपली. पण माझ्या रजिस्टरला ती २८ व्या आठवड्यातली, पोर्टलला २८ व्या आठवड्यातली, तिकडच्या केसपेपरला २४ व्या, तिकडच्या वहीतल्या नावाला १५ व्या, आणि घरातल्या घटाला पाचव्या आठवड्यातली. आम्हाला ट्रेनिंगमध्ये तीन उशीर शिकवतात, निर्णय घ्यायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचाराला उशीर. ह्यातला पहिला उशीर, निर्णयाचा, इथं बसतच नाही. निर्णय वेळेत झाला होता, विचारपूर्वक झाला होता, फक्त तो "आत्ता सांगायचं नाही" असा होता. त्याला उशीर म्हणणं म्हणजे त्यांनी ठरवलेल्या गोष्टीला विसरलेली गोष्ट म्हणणं. आणि म्हणूनच ह्या घरावर जनजागृतीचा काडीचाही उपयोग नव्हता. सकाळी कलापथक, दुपारी पोस्टर, संध्याकाळी गृहभेट, काहीही करा, लाखाचा आकडा तसाच राहतो.

मग आम्ही काय बदललं? फार मोठं काही नाही. २०२५ च्या दसऱ्याआधी आम्ही गरोदर तपासणी अशी वेगळी ठेवलीच नाही. "तोडीला जाणाऱ्या सगळ्या बायकांची रक्ततपासणी" असं शिबिर ठेवलं, वय काहीही असो, पोट असो नसो. त्यात हिमोग्लोबिन, बीपी, लघवी. लघवीत काय बघितलं ते ज्या बाईला हवं तिला आतल्या खोलीत एकटीला सांगायचं, यादी बाहेर लावायची नाही, आशाताईंनी रांग लावायची पण खोलीत यायचं नाही. आशाताईंना हे आधी लागलं, मला म्हणाल्या माझ्यावर विश्वास नाही का. मी म्हटलं तुमच्यावर आहे ताई, तुमच्या आडनावाचा प्रश्न आहे. दोन दिवस बोलल्या नाहीत, मग आल्या. ज्या गरोदर निघाल्या त्यांना कार्ड तिथंच, आधारचा आणि कार्डाचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये, शिवाय बाईच्या भावाच्या मोबाईलमध्ये, तीन महिन्यांच्या गोळ्या, आणि सोनोग्राफी जमली तर निघायच्या आधी. जिथं जाणार तिथल्या आरोग्य केंद्राला फोन. तिकडून कधी उत्तर येतं, कधी येत नाही, तळ हलला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचं ओळखपत्र काहींकडं आहे, तिकडच्या दवाखान्यात ते दाखवा असं सांगतो, निदान कुठली बाई हे तरी विचारत नाहीत.

तालुक्याच्या मीटिंगमध्ये ही केस मांडली तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या मिळालेली सूचना होती की मुकादमालाच जबाबदार धरा, निघायच्या आधी त्यानं टोळीतल्या गरोदर बायकांची यादी आरोग्य खात्याला द्यावी, नाही दिली तर कारवाई. ऐकायला बरं वाटतं. मी एकटीच विरोधात होते. ज्या माणसापासून बाई पोट लपवतेय त्यालाच आपण अधिकृतपणे विचारायला सांगायचं, प्रत्येक बाईला, उचल देताना? मग तो विचारेल, आणि अर्धा कोयता सरकारी कागदावर येईल. त्यापेक्षा गरोदर बाईच्या वाट्याच्या उचलीला कारखान्यानं किंवा महामंडळानं हमी द्यावी, म्हणजे मुकादमाला भीती राहणार नाही, असं मी लिहून दिलंय. साहेब म्हणाले हा आरोग्य खात्याचा विषय नाही, सहकार आणि साखर आयुक्तालयाचा आहे. बरोबर आहे त्यांचं. यादीचा ठराव मात्र इतिवृत्तात आला, आणि हमीचं माझं पत्र आवक नोंद करून फाईलला लागलंय.